खेळाचे मेज

दिवाळीच्या पाडव्याला आपल्या धर्मशास्त्राने आणखी एक नाव दिले आहे: द्यूतप्रतिपदा. त्या दिवशी पार्वतीने शंकराला फाशांच्या खेळात हरविले अशी कथा सांगतात, आणि तिच्या आधारावर वर्षातला हा एक दिवस जुगाराला मोकळा ठेवलेला आहे. एक दिवस परवानगी द्यावयाची आणि उरलेले दिवस निंदा करावयाची, हा आपला जुना व्यवहार. खेळाबरोबर येणाऱ्या सर्वनाशाचे वर्णन आपल्या वाङ्मयाइतके क्वचितच दुसऱ्या कोणी केले असेल. पण खेळासाठी लागणाऱ्या सामानाचे कौतुक आपण फारसे केले नाही. सोंगट्यांचा पट कापडाचा. खेळ संपला की गुंडाळावा आणि कोनाड्यात टाकावा. फत्तेपूर शिक्रीला राजवाड्याच्या अंगणात भला मोठा पट फरसबंदीतच आखलेला आहे, पण तोही जमिनीवरच. धर्मराजाने राज्य घालविले, भाऊ घालविले आणि शेवटी द्रौपदीला पणाला लावले, त्या सभेत मेज नव्हते.

फ्रान्समध्ये मात्र खेळ जमिनीवरून उठून मेजावर गेला आणि मेजावर गेल्यावर त्याने सुताराला कामाला लावले. अठराव्या शतकातल्या पॅरिसमध्ये प्रत्येक खेळाचे मेज निराळे. तिघांनी खेळावयाच्या पत्त्यांसाठी तीन कोनांचे. चौघांच्या 'काद्रिय' नावाच्या डावासाठी चौकोनी, घडी घालून भिंतीशी लावता येईल असे. 'ब्रलां' या डावासाठी गोल. पण या सर्व मेजांचा राजा म्हणजे 'त्रिकत्राक'चे मेज. त्रिकत्राक म्हणजे फासे आणि सोंगट्यांचा खेळ. फासे लाकडावर पडताना जो आवाज होतो त्यावरून हे नाव पडले म्हणतात. इंग्रजांच्या बॅकगॅमनचा हा भाऊबंद, आणि इराणातल्या 'नर्द' खेळाशी त्याचे नाते आहे. दोन खेळाडू, प्रत्येकाच्या पंधरा सोंगट्या, पटावर चोवीस लांबट त्रिकोण. गुण मोजावयाचे ते कागदावर नव्हे. पटाच्या काठाला बारीक भोके पाडलेली असतात. त्यांत हस्तिदंती खुंटी पुढे पुढे सरकवीत न्यावयाची आणि बारा भोके गाठावयाची.

हे मेज प्रथम पाहणाराला ते खेळाचे आहे हे कळतही नाही. वर एक सपाट फळी. तिच्या एका बाजूला कातडे चढविलेले, म्हणजे दिवसा त्यावर पत्रे लिहावीत. तीच फळी उचलून उलटी ठेवली की दुसऱ्या बाजूला हिरवी बनात, म्हणजे पत्ते कुटावेत. काही मेजांत बनातीच्या जागी बुद्धिबळाचा पट असतो. आणि फळी बाजूला काढून ठेवली की खाली खोलगट हौद, अबनुसाच्या काळ्याभोर लाकडाचा, त्यात पांढऱ्या आणि हिरव्या रंगविलेल्या हस्तिदंताचे त्रिकोण बसविलेले. मेजाच्या समोरासमोरच्या बाजूंना एकेक लहानसा खण, ज्याचे फासे त्याच्या उजव्या हाताशी यावेत असा. काठाला मेणबत्त्यांच्या बैठकी अडकविण्यासाठी भोके. सज्जन गृहस्थाचे लिहिण्याचे मेज आणि जुगाऱ्याचा अड्डा यांत अंतर किती, तर बोटभर जाडीच्या एका फळीचे! कादंबरीकाराला अशी वस्तू कल्पनेने सुचत नाही. ती कोणीतरी गिऱ्हाइकाचा स्वभाव ओळखून बनवावी लागते.

गिऱ्हाईक कोण होते ते सांगितले पाहिजे. चौदाव्या लुईने १६८२ साली दरबार व्हर्सायला नेला आणि हिवाळ्यात आठवड्यातून तीन संध्याकाळी राजवाड्यातल्या दालनांत सरदारांसाठी मेजवानी, संगीत आणि खेळ सुरू केले. यात राजाची शुद्ध हौस होती असे मला वाटत नाही. जो सरदार रात्री मेजावर हजारो लिव्र हरतो त्याला सकाळी राजाकडेच हात पसरावे लागतात, आणि असा सरदार आपल्या मुलखात जाऊन बंडाचा विचार कशाला करील? त्या काळची प्रसिद्ध पत्रलेखिका मादाम द सेव्हिन्ये हिने १६७६ सालच्या एका पत्रात दांझो नावाच्या सरदाराचे वर्णन केले आहे. सगळे हसत-खिदळत असताना तो फक्त डावाकडे पाहत असे आणि म्हणून जिंकत असे. अशी माणसे थोडी. बाकीच्यांचे काय झाले असेल ते सांगण्याची गरज नाही.

पुढे शंभर वर्षांनी मारी आंत्वानेत राणी झाली. तिला 'फारो' नावाच्या पत्त्यांच्या जुगाराचे वेड. सोळावा लुई स्वतः मोठ्या बोलीच्या खेळाचा तिटकारा करी. त्याला आवड कुलपांची आणि शिकारीची. १७७६ च्या ऑक्टोबरअखेर राणीने हट्ट धरून पॅरिसहून फारोचे सावकार बोलावण्याची परवानगी मिळविली, पण एकाच बैठकीपुरती. बैठक सुरू झाली, पहाट झाली, संध्याकाळी पुन्हा पत्ते वाटले गेले, आणि सर्व संतांच्या पवित्र सणाची सकाळ उजाडली तरी खेळ चालूच! राजाने विचारले तेव्हा राणी म्हणाली, परवानगी एका बैठकीची होती, बैठक किती वेळाची ते कोठे ठरले होते? ऑस्ट्रियाचा वकील मेर्सी याने ही हकीकत तिच्या आईला, सम्राज्ञी मारिया थेरेसाला, इमाने इतबारे कळविली. राणी तेव्हा एकवीस वर्षांची व्हावयाची होती. नववी-दहावीच्या मुलांनी वेळापत्रकातली पळवाट काढावी तसे हे उत्तर आहे, आणि मला ते वाचून तिच्याविषयी रागापेक्षा कणवच अधिक वाटली.

आता सुताराकडे वळू. पॅरिसमध्ये लाकूडकाम करणारांचे दोन वर्ग होते. एक सरळ घनलाकडातून खुर्च्या, पलंग, दरवाजे करणारा. दुसरा 'एबेनिस्त', म्हणजे शब्दशः अबनुसाचे काम करणारा. सतराव्या शतकात अबनूस फार महाग, म्हणून साध्या लाकडाच्या सांगाड्यावर त्याचा पातळ पापुद्रा सरसाने चिकटविण्याची कला आली, आणि अबनुसाची जागा इतर रंगीत लाकडांनी घेतली तरी कारागिराचे नाव तेच राहिले. सांगाडा ओकचा. त्यावर ब्राझीलचे गुलाबी रेषांचे लाकूड, गियानाचे जांभळे लाकूड, आफ्रिकेचा हस्तिदंत. त्या हस्तिदंताचा आणि त्या लाकडांचा प्रवास गुलामांच्या जहाजांच्याच समुद्रातून झाला, हेही लक्षात ठेवावे.

पापुद्रे हातकरवतीने काढीत. मग नकाशाबरहुकूम फुले, पाने, फुलदाण्या, फासे, वाद्ये असे आकार बारीक करवतीने कापून एकमेकांत बसवीत. पाकळीला सावली हवी असेल तर तो तुकडा तापलेल्या वाळूत कडेपुरता खुपसावयाचा. कड करपते आणि पाकळी वळलेली दिसते. किती वेळ धरावयाचा ते कारागिराच्या हाताला कळे, पुस्तकात लिहिलेले नसे. रंगही लाकडाला मुरवीत: हिरवा, निळा, पिवळा. आज संग्रहालयांतून आपण जी सौम्य, मधासारखी तपकिरी झाक पाहून तिला अभिजात म्हणतो ती कारागिराची नव्हे, उन्हाची आहे. लंडनचा वॉलेस संग्रह, वॅड्सडन मॅनर आणि इंग्लंडच्या राजघराण्याचा संग्रह यांनी अलीकडे एकत्र येऊन रीझनेर या कारागिराच्या कामाचा बारकाईने अभ्यास केला. ही मेजे नवी असताना किती भडक, आपल्या जत्रेतल्या खेळण्यांइतकी रंगीत असतील, याची अशा अभ्यासामुळे कल्पना येते.

या झाँ-आंरी रीझनेरसाठीच खरे म्हणजे मी हा लेख लिहावयास बसलो. फ्रेंच कारागिरीचे शिखर म्हणून ज्याचे नाव घेतात तो माणूस फ्रेंच नव्हता. १७३४ साली जर्मनीत, वेस्टफालियातल्या ग्लाडबेक या गावी त्याचा जन्म झाला. तरुणपणी तो पॅरिसला आला आणि झाँ-फ्रांस्वा ओबेन याच्या कारखान्यात लागला. ओबेनही जर्मनच. त्या काळच्या पॅरिसमध्ये नामांकित एबेनिस्तांची यादी केली तर निम्मी नावे ऱ्हाइनकाठची निघतील. डेव्हिड रोंटगेन तर आपला कारखाना न्यूवीडला ठेवूनच पॅरिसला माल आणी. शेवटी तिथल्या कारागिरांनी ओरड केली आणि १७८० साली त्याला पॅरिसच्या श्रेणीत रीतसर दाखल व्हावे लागले. त्याचे एक खेळाचे मेज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. मिटलेले असते तेव्हा भिंतीशी उभे राहणारे साधे अर्धे मेज. एक पान उलगडले की लिहिण्याचे, दुसरे उलगडले की पत्त्यांचे आणि बुद्धिबळाचे, आणि कळ दाबली की आतून स्प्रिंगने फासे-सोंगट्यांची पेटी वर येते. ऑस्ट्रियाची राणी, जर्मनीचे सुतार, अमेरिकेची लाकडे, आफ्रिकेचे हत्ती, इराणचा खेळ, आणि वरच्या फळीवर आपल्या हिंदुस्थानातून गेलेली बुद्धिबळे. यांतून जे तयार झाले त्याला जग 'फ्रेंच मेज' म्हणते!

ओबेन मोठा यंत्रज्ञ. पंधराव्या लुईसाठी १७६० मध्ये त्याने एक लिहिण्याचे मेज सुरू केले. वरचे अर्धगोल झाकण सरकून आत जावे आणि एका किल्लीच्या फेऱ्याने सगळे खण बंद व्हावेत अशी योजना. पण १७६३ च्या जानेवारीत तो मेला, आणि मागे कर्ज ठेवून मेला. कारखाना विधवेकडे आला. श्रेणीच्या नियमाप्रमाणे विधवेला नवऱ्याचा कारखाना चालविता येत असे. कारखान्यात दोन हुशार कारागीर होते, लेलू आणि रीझनेर. विधवेने रीझनेरला वर चढविले आणि १७६७ साली त्याच्याशी लग्न केले. लेलूचा जो जळफळाट झाला तो शेवटपर्यंत गेला नाही. गल्लीतल्या नाटकमंडळीलाही शोभेल असा हा प्रसंग. पण यात माझे लक्ष वेधले ते दुसऱ्याच गोष्टीने.

पॅरिसच्या श्रेणीचा असा कायदा होता की प्रत्येक उस्तादाने आपल्या नावाचा लोखंडी ठसा करून घ्यावा आणि विक्रीला निघालेल्या प्रत्येक वस्तूवर तो हातोडीने उमटवावा. नियम १७४३ चा, अंमल १७५१ पासून. रीझनेर उस्ताद झाला १७६८ च्या जानेवारीत. म्हणजे १७६३ पासून पाच वर्षे त्या कारखान्यात त्याने जे घडविले त्यावर ठसा पडत राहिला तो मेलेल्या ओबेनचा. आणि पुढे त्याच्या स्वतःच्या नावाचा ठसा पडू लागला, तेव्हा करवत धरणारे, वाळू तापविणारे, सरस उकळणारे, पितळी कड घासणारे जे हात होते त्यांचे नाव कोठे पडले? शिवाय एबेनिस्ताने ब्राँझ ओतावयाचे नाही, ते ओतणारांच्या श्रेणीचे. मुलामा चढविणारे आणखी निराळे, आणि पाऱ्याच्या वाफेने त्यांचे आयुष्य निम्मे होई. एका मेजाला पाच-सहा हस्तकौशल्ये लागत आणि नाव एकाचे. आमच्या गावच्या सुताराने केलेल्या दारावर कोणाचेच नाव नसते. बलुत्याच्या धान्यात नाव कोरण्याची मजुरी धरलेली नव्हती. दोन्हींपैकी कोणती रीत बरी हे मला अजून ठरविता आलेले नाही.

राजाचे ते मेज रीझनेरने १७६९ मध्ये पुरे केले आणि त्यावर सही केली फक्त स्वतःची. कृतघ्नपणा म्हणावा, तर मेहनत त्याची होतीच. १७७४ मध्ये सोळावा लुई गादीवर आला आणि रीझनेर राजाचा एबेनिस्त झाला. पुढच्या दहा वर्षांत त्याने राजाच्या जामदारखान्याला नऊ लाखांहून अधिक लिव्रचा माल दिला. १७७८ च्या डिसेंबरात राणीला पहिले मूल झाले, त्याच सुमारास वर-खाली होणारे एक मेज त्याने तिला करून दिले. बसून, पडून, उभ्याने कसेही वापरावे. १७८४ पासून मात्र खजिना आटला, जामदारखान्याचा नवा अधिकारी काटकसरी निघाला आणि राजाचे काम स्वस्तात करणाऱ्या दुसऱ्याकडे गेले. राणीने मात्र रीझनेरला सोडले नाही.

फ्रेंच राज्यक्रांतीचा धडा मी शाळेत कित्येक वर्षे शिकवीत आलो. बॅस्टिलचा पाडाव, राजाचा शिरच्छेद, रोबेस्पिएर, नेपोलियन. तासाच्या घंटेबरोबर क्रांतीही संपते. एकदा शेवटच्या बाकावरच्या एका मुलाने विचारले, "गुरुजी, राजाला मारला, मग त्याच्या खुर्च्या-टेबलांचं काय झालं?" वर्ग हसला. मुलगा सुताराचा होता आणि त्याचा प्रश्न चेष्टेचा नव्हता. बापाने केलेली वस्तू दुसऱ्याच्या घरात कशी राहते, हा त्याच्या घरचा विषय. मी म्हणालो, शोधून सांगतो; आणि जे सापडले ते असे.

१७९३ च्या २५ ऑगस्टला व्हर्सायच्या सामानाचा लिलाव सुरू झाला आणि पुढच्या ऑगस्टपर्यंत, जवळजवळ वर्षभर, चालला. १७,१८२ गठ्ठे विकले गेले. लिलाव सुरू होताना राणी तुरुंगात होती; १६ ऑक्टोबरला तिचे डोके उडविले गेले, तेव्हाही इकडे बोली चालूच होती. पत्त्यांतसुद्धा राजा-राणी उरले नाहीत. राजाच्या जागी 'प्रतिभा', राणीच्या जागी 'स्वातंत्र्य', गुलामाच्या जागी 'समता' अशी चित्रे छापली जाऊ लागली. हिरव्या बनातीवर समतेने स्वातंत्र्याला मारावयाचे की स्वातंत्र्याने समतेला, हा प्रश्न तेव्हाच्या खेळाडूंनी आपल्या परीने सोडविला असेल. राजकारण्यांना तो अजून सुटलेला नाही.

या लिलावात रीझनेर येऊन उभा राहिला. विकावयाला नव्हे, घ्यावयाला. स्वतः घडविलेले सामान त्याने कवडीमोलाने बोली लावून परत घेतले. साठीच्या घरातला माणूस. इतिहासकार म्हणतात की हा व्यापारी हिशेब होता: दिवस पालटतील, जुनी गिऱ्हाइके परत येतील आणि माल दुप्पट-तिपटीने जाईल. असेल. तो व्यापारी होताच. पण जो व्यापारी आपल्याच मालात सगळी पुंजी घालतो त्याच्या हिशेबात दुसरेही काही असावे असा माझा संशय आहे, आणि तो मी सोडणार नाही. त्याचा हिशेब चुकला हे मात्र खरे. जुनी गिऱ्हाइके मेली होती किंवा परदेशी पळाली होती, आणि नव्या श्रीमंतांना ही फुलाफुलांची मेजे जुनाट वाटू लागली.

त्याहून अवघड गोष्ट पुढची. नव्या सरकारने ठरविले की राष्ट्राच्या ताब्यात राहिलेल्या सामानावर राजाच्या मुद्रा, मुकुट, लिलीची फुले राहता कामा नयेत. हे काढावयाचे कोणी? ज्याने बसविले त्याला बोलवा! १७९४ मध्ये रीझनेर पटाशी घेऊन स्वतःच्याच कामावर बसला आणि मजुरी घेऊन त्याने ती चिन्हे खरवडली. राजाच्या त्या प्रसिद्ध मेजावर जेथे राजाची अक्षरे होती तेथे सेव्रच्या कारखान्यातल्या चिनी मातीच्या चकत्या आल्या. याला कोणी लाचारी म्हणेल. दोन-चार ठिकाणी तसे सुचविलेले मी वाचलेही. मला ते पटत नाही. अडाण्याच्या हाती हातोडी दिली असती तर मुकुटाबरोबर सगळे मेज गेले असते. याच्या हाताने फक्त मुकुट गेला. कोणता पापुद्रा कोठे संपतो आणि सरस कोठे सुटेल, हे त्याला ठाऊक होते. हजारो वस्तूंतून त्याच्या हातच्या इतक्या वस्तू आज शाबूत राहिल्या याला त्याची ती कमीपणाची मजुरीही थोडीबहुत कारण असली पाहिजे.

त्याच्या घरातच क्रांती कशी शिरली होती पाहा. ओबेनची मुलगी व्हिक्त्वार, बाप मेला तेव्हा पाच-एक वर्षांची, रीझनेरची सावत्र मुलगी झाली. तिने शार्ल दलाक्र्वा याच्याशी लग्न केले. हा शार्ल क्रांतीच्या विधिमंडळाचा सभासद. १७९३ च्या जानेवारीत राजाच्या मृत्युदंडाच्या बाजूने त्याने मत दिले. सासरा राजाचा सुतार, जावई राजाचा काळ! व्हिक्त्वारच्या पोटी १७९८ साली जो मुलगा झाला तोच चित्रकार यूजेन दलाक्र्वा; हातात तिरंगी निशाण घेऊन प्रेतांवरून चालत येणाऱ्या स्वातंत्र्यदेवतेचे त्याने १८३० सालच्या उठावावर काढलेले चित्र आमच्या पाठ्यपुस्तकांतूनही येते. रीझनेरचा स्वतःचा मुलगाही चित्रकार झाला. रंधा पुढच्या पिढीने हाती धरला नाही.

श्रेणी १७९१ सालीच बरखास्त झाल्या, आणि त्यांच्याबरोबर ठशाची सक्तीही गेली. पहिली बायको १७७६ मध्ये वारली होती. दुसरे लग्न सुखाचे झाले नाही, आणि क्रांतीने घटस्फोट कायदेशीर केला तेव्हा तेही मोडले. ६ जानेवारी १८०६ रोजी रीझनेर पॅरिसमध्ये मेला तेव्हा त्याची भरभराट केव्हाच संपली होती.

मेजे मात्र फिरत राहिली. इंग्लंडच्या चौथ्या जॉर्जने घेतली, स्कॉटलंडच्या हॅमिल्टन ड्यूकांनी घेतली, रॉथ्सचाइल्ड घराण्याने घेतली. हॅमिल्टनच्या वाड्याचा लिलाव १८८२ साली झाला. तिथली राणीची दोन कपाटवजा मेजे, काळ्या-सोनेरी जपानी लाखकामाची, पुढे अमेरिकेतल्या व्हँडरबिल्टकडे गेली आणि १९२० मध्ये न्यूयॉर्कच्या संग्रहालयात पोहोचली. त्रिकत्राकची मेजे अजूनही लिलावात येतात. त्यांतल्या हस्तिदंती त्रिकोणांमुळे आता कायद्याच्या अडचणी उभ्या राहतात, कारण फ्रान्सने २०१६ पासून आणि इंग्लंडने २०२२ पासून हस्तिदंताच्या व्यवहारावर कडक निर्बंध घातले आहेत. अडीचशे वर्षांपूर्वीच्या हत्तीची दखल घ्यावयाला जगाला इतका वेळ लागला. तो खेळणारे मात्र उरले नाहीत. बारा भोकांचे ते गुणगणित आता थोड्या हौशी मंडळींनाच येते.

त्या मुलाला हे सगळे मी पुढच्या आठवड्यात सांगितले. त्याने एकच विचारले, "खरवडल्याची मजुरी वेळेवर मिळाली का?"

रीझनेरचे एक तैलचित्र आहे, व्हेस्तिए नावाच्या चित्रकाराने १७८६ साली काढलेले. राजाचे काम सुटले होते, पण राणीचे अजून चालू होते. अंगात उंची कपडे, मनगटाशी लेस, सरदारासारखी बैठक. हात आपल्याच घडणीच्या मेजावर रेललेला, आणि हातात पेन्सिल. पटाशी नाही, करवत नाही. ते चित्र आज व्हर्सायच्या राजवाड्यात आहे, आणि मुद्रा खरवडलेले राजाचे मेजही फिरून त्याच राजवाड्यात आले आहे.